विचारणारा देव

सहावीच्या वर्गाला मी एकदा चित्रासाठी विषय दिला : 'देव पाहतो आहे'. बोईसरच्या आमच्या शाळेत नाना तऱ्हेच्या घरांतली मुले येतात. कोणी विठोबा काढला, कोणी विवळवेढ्याची महालक्ष्मी काढली, एका मुलीने क्रूस काढून त्याच्यावर पापण्यांसकट एक मोठा डोळा काढला. एका मुलाने मात्र उंच खांब काढला, खांबावर कॅमेरा, आणि कॅमेऱ्याला झेंडूचा हार. मी विचारले, "ह्यात देव कुठे आहे रे?" तो म्हणाला, "हाच की सर. पप्पांच्या कंपनीत ह्याच्यासमोर कोणी खोटं बोलत नाही."

वर्ग हसला, मीही हसलो. घरी येईपर्यंत हसू मावळले. सगळे पाहणारा देव आणि सगळे टिपणारा कॅमेरा ह्यांत फरक तो काय, हे त्या पोराला समजावून सांगण्याची पाळी आली असती तर मला ते जमले नसते. हा प्रश्न मनात धरून मी पुढे मराठीतले ख्रिस्ती वाङ्मय वाचू लागलो. देवाचे सर्वज्ञपण आणि माणसाने त्याला द्यावयाचा जाब, ह्या दोन गोष्टी त्या धर्माने फार घट्ट बांधून ठेवल्या आहेत, एवढे ऐकून माहीत होते. आरंभीच सांगितलेले बरे की मी ख्रिस्ती नाही आणि पंडित तर नाहीच नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढे चित्रकला-शिक्षकाची पदविका घेतली, आणि रात्री जागून दोन-चार कादंबऱ्या लिहिल्या. तेव्हा हे लिहिणे एका वाचकाचे आहे, आणि त्यात एका कादंबरीकाराची थोडी अडचणही गुंतलेली आहे. ती पुढे येईल.

दिवाळीच्या दिवसांत हा विषय परका वाटू नये. लक्ष्मीपूजनाला आपल्याकडे जमाखर्चाच्या वह्या पुजतात. भाऊबीज म्हणजे यमद्वितीया. त्या दिवशी कायस्थ मंडळींच्या घरी दौत-लेखणी मांडून चित्रगुप्ताची पूजा होते. माणसाचे पाप-पुण्य कुठेतरी टिपले जात आहे, ही कल्पना आपल्या हाडीमासी मुरलेली आहे. ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या अखेरच्या पुस्तकातही न्यायाच्या दिवशी वह्या उघडल्या जातात. ते वर्णन वाचताना मला अगदी घरच्यासारखे वाटले. फक्त चित्रगुप्ताच्या कानावर टाक नव्हता इतकेच.

पण वहीपाशी थांबून चालत नाही. आमच्या शेजारी तारापूरला १९६९ साली अणुवीज सुरू झाली. तिथे किरणोत्साराच्या जागी काम करणाऱ्याच्या छातीवर एक लहानसा बिल्ला असतो. अंगाला किती किरण लागले ते तो मुकाट्याने साठवून ठेवतो आणि ठरल्या मुदतीने तो तपासला जातो. आमच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यांच्या सांडपाण्याच्या तोंडाशी यंत्रे बसवलेली आहेत. तीही आकडे टिपत असतात. बिल्ल्याला कळते, यंत्रालाही कळते. पण ती कोणाला काही विचारीत नाहीत. वसाहतीचे सांडपाणी नवापूरच्या समुद्रात जाते. आपली मासळी गेली म्हणून मांगेला समाजाची परिषद २०१६ साली हरित न्यायाधिकरणापुढे उभी राहिली. तोवर आकडे नव्हते असे थोडेच आहे! आकडे होते, कागद होते, "हे कोणी केले?" असे तोंडाने विचारणारा आल्यावर मात्र माणसे चुळबूळ करू लागली.

हा धागा हाती आला तो मी 'क्रिस्तपुराणा'शी नेऊन जोडला. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, इथली भाषा शिकला, आणि १६१६ साली त्याचे ओवीबद्ध पुराण रायतूरला छापले गेले. ओव्यांची संख्या अकरा हजारांच्या घरात जाते. त्या काळी ते रोमन लिपीत छापले होते. मराठी वाचकाच्या हाती ते देवनागरीत आले १९५६ साली, शांताराम बंडेलू ह्यांच्या पुण्याच्या आवृत्तीने. त्यात स्वर्गाला वैकुंठ म्हटले आहे, ह्याचे कौतुक सगळेच करतात. माझे लक्ष दुसऱ्या गोष्टीकडे गेले. हे पुराण उभे आहे ते प्रश्नावर. जुनी पुराणे तर तुम्ही बंद केलीत, मग आमच्या भाषेत आम्हांला दुसरे काही का देत नाही, असे नवख्रिस्ती श्रोत्यांपैकी एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो, आणि त्याचे उत्तर म्हणून सगळी कथा सुरू होते. विचारणाऱ्याच्या आवाजात थोडी तक्रार आहे. तक्रार ग्रंथात येऊ देण्याइतका हा कवी मोठा होता.

आता त्या कथेतच पाहा. आदाम आणि हव्वा मना केलेले फळ खातात आणि झाडांआड लपतात. देव सर्वज्ञ आहे; कोणत्या झाडामागे कोण आहे हे त्याला न कळायला काय झाले? तरी तो हाक मारतो आणि आदाम कुठे आहे असे आदामालाच विचारतो. पुढे काइन आपल्या भावाला रानात मारतो. देवाला तेही ठाऊक आहे, कारण सांडलेल्या रक्ताचा आक्रोश जमिनीतून त्याच्यापर्यंत पोचला आहे असे लगेच पुढे येते. तरी पहिल्याने तो विचारतो, भाऊ कुठे आहे म्हणून. काइन उडवाउडवीचे उत्तर देतो. भावाची राखण का माझ्याकडे आहे, असा उलटा सवाल करतो. वर्गात काच फुटली म्हणजे "मी काय खिडकीचा पहारेकरी आहे?" म्हणणारी मुले मी पुष्कळ पाहिली आहेत. पहिला खून आणि पहिली टाळाटाळ एकाच पानावर असावीत, ह्याला मी कथाकाराची नजर म्हणतो.

ज्याला उत्तर आधीच माहीत आहे त्याने प्रश्न विचारावा कशाला? शिक्षकाला हे कोडे पडू नये. मुलाच्या हाताला निळा रंग लागलेला मला दिसत असतो. तरी मी विचारतो, "भिंत कोणी रंगवली?" ते मला माहिती हवी म्हणून नव्हे, त्याने आपल्या तोंडाने बोलावे म्हणून. मी नुसते नाव पुकारले तर तो सापडलेला चोर होतो. "मी" म्हणून तो उठला, तर त्याच उठण्यात तो थोडा निराळा मुलगा झालेला असतो. मराठीने हे फार पूर्वी ओळखले असावे. 'उत्तरदायी' ह्या संस्कृत शब्दात उत्तर आहे, आणि 'जबाबदार' ह्या फारसी वळणाच्या शब्दात जबाब आहे. दोन निरनिराळ्या घरांतून आलेले हे शब्द एकच गोष्ट सांगतात : ज्याला विचारता येते तो जबाबदार. झाडाला, यंत्राला, बिल्ल्याला कोणी जाब विचारीत नाही.

कर्मसिद्धान्तात विचारणाऱ्याची गरज पडत नाही. पेरले ते उगवते. तो हिशेब चोख आहे, पण त्याला चेहरा नाही. आपल्या संतांनाही तेवढ्याने चैन पडले नाही. त्यांनी विठोबाला समोर उभे केले आणि त्याच्याशी भांडणे मांडली. तुकोबांच्या अभंगांत स्वतःविरुद्ध दिलेली केवढी साक्ष आहे! ना. वा. टिळक म्हणत, की आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकारामाच्या पुलावरून. तो पूल मला ह्या ठिकाणी दिसतो.

ह्या विषयाची काळी बाजू झाकून ठेवणे बरे नव्हे. देवाची नजर माणसांनी स्वतःकडे घेतली म्हणजे काय होते, ते आमच्याच मुलखाने पाहिले आहे. तारापूरचा किल्ला १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने घेतला. तोवर हा किनारा पोर्तुगीजांचा होता, आणि १५६० साली गोव्यात स्थापन झालेल्या इन्क्विझिशनचा हात वसईच्या ह्या प्रांतापर्यंत पोचत असे. मधली काही वर्षे सोडली तर ते न्यायासन १८१२ पर्यंत टिकले. तिथेही प्रश्न विचारले जात. पण विचारणाऱ्याला काही ठाऊक नसे, म्हणून तो उत्तर पिळून काढी. आणि मायाही नसे, म्हणून उत्तर मिळूनही त्याचे समाधान होत नसे. शेजाऱ्याने शेजाऱ्यावर डोळा ठेवावा, घरात कोणते फूल आले आणि कोणत्या वारी चूल पेटली नाही ते कळवावे, ही व्यवस्था सर्वज्ञ देवावर विश्वास असणाऱ्यांची वाटत नाही. तो विश्वास डळमळलेल्यांची वाटते. खांबावरचा कॅमेरा त्यांच्याच वंशातला.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. देवाला भूतकाळाप्रमाणे भविष्यही दिसत असेल, तर मी उद्या काय करणार हे ठरूनच गेले. मग माझा दोष कोणता? ऑगस्टीनने ह्यावर विचार केला, आणि सहाव्या शतकात मरणाची वाट पाहत तुरुंगात बसलेल्या बोएथियसने केला. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की जाणणे म्हणजे घडवणे नव्हे. घाटावर उभा असलेल्याला खालून येणाऱ्या दोन्ही गाड्या दिसतात. त्याच्या दिसण्याने त्या आदळत नाहीत. युक्तिवाद म्हणून हे ठीक आहे. मला मात्र ते अपुरे वाटले. सहामाहीलाच मला कळते, की अमुक मुलगा वार्षिकला बसणारच नाही. माझ्या कळण्याने तो शाळा सोडत नाही, हे कबूल. पण मला कळले होते ना? मग मी काय केले? जाणणाऱ्यालाही जाब आहेच.

ह्याला उत्तर मला तत्त्वज्ञांकडे मिळाले नाही. एका कोळ्याच्या कथेत मिळाले. पेत्र हा तळ्यावर जाळी टाकणारा माणूस. कोंबडा आरवण्यापूर्वी तू मला तीनदा नाकारशील, असे येशू त्याला पकडला जाण्यापूर्वीच सांगून ठेवतो. पेत्र शपथा घेतो, आणि रात्री अंगणात कोळशाच्या शेगडीपाशी शेकत असताना तीनदा नाकारतो. लूकने तिथे एवढेच लिहिले आहे, की येशूने वळून पेत्राकडे पाहिले आणि पेत्र बाहेर जाऊन रडला. सर्वज्ञाचे पाहणे असे असते. त्यात पाळत नाही. आपल्याला हे आधीच माहीत होते अशी टोचणीही नाही. पुढे योहान सांगतो की पुनरुत्थानानंतर पहाटे तळ्याकाठी पुन्हा कोळशाचा विस्तव पेटलेला असतो, वर मासे भाजत असतात, आणि येशू पेत्राला तीनदा एकच गोष्ट विचारतो : तुझे माझ्यावर प्रेम आहे का? तिसऱ्यांदा पेत्र दुखावतो आणि म्हणतो, की तुला तर सगळेच ठाऊक आहे. ज्याला सगळे ठाऊक आहे त्याने तीनदा विचारले. तीन नकारांना तीन उत्तरांची जागा करून दिली, आणि तीही तशाच विस्तवापाशी. नवापूर-दांडीच्या किनाऱ्यावर सकाळी मासळी भाजताना पाहिलेल्या माणसाला ह्या प्रसंगाचा वास येईल. यहूदा इस्कर्योतचा द्रोहही येशूला आधी ठाऊक होता. यहूदालाही पश्चात्ताप झाला. त्याने घेतलेले पैसे फेकून दिले. पण तो त्या विस्तवापर्यंत जगला नाही. दोघांत फरक गुन्ह्याचा कमी आणि थांबण्याचा जास्त आहे, असे मला वाटते.

इथे कादंबरीकाराची अडचण येते. आमच्या धंद्यात 'सर्वज्ञ निवेदक' नावाचा एक प्राणी असतो. त्याला सगळ्या पात्रांच्या मनातले कळते. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ साली निघाली. मराठीतली ती पहिली कादंबरी मानली जाते. विधवांच्या हालांचा तो कळवळून लिहिलेला कागद आहे आणि त्याची योग्यता मोठीच आहे. पण बाबांचा निवेदक पात्रांना कधी काही विचारीत नाही. यमुनेचा नवरा मरतो, ती ख्रिस्ती होते, तिचे पुन्हा लग्न होते. तिच्या दुःखाची गाठ लेखकाने बाहेरून सोडवलेली आहे. सर्वज्ञपण आहे, अंगणातल्या त्या रात्रीसारखे वळून पाहणे नाही.

बाबांना नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही, कारण मी ह्याहून वाईट केले आहे. अकरा वर्षांपूर्वी शाळेची रंगपेटी नाहीशी झाली. वर्गात जव्हारकडून बांधकामावर आलेल्या मजुरांचा एक मुलगा होता. त्याला रंगांचे वेड होते. मी सगळ्यांदेखत त्याचे दप्तर झाडले. पेटी निघाली नाही. "लपवलीस कुठे?" असेही मी विचारले, तो काही बोलला नाही, मी त्याला बोलायला अवधीही दिला नाही. चार दिवसांनी तो यायचा बंद झाला. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी माझेच कपाट आवरताना गुंडाळलेल्या तक्त्यांच्या मागे पेटी सापडली. कोणी पाहिले नव्हते. मी ती जागेवर ठेवून दिली आणि सुट्टीनंतर, काही न घडल्यासारखी, वर्गात वाटली.

पुढे माझ्या दुसऱ्या कादंबरीत मी ह्या प्रसंगाचे एक प्रकरण केले. त्यातले गुरुजी रात्रभर तळमळतात, देवाची क्षमा मागतात. वीस वर्षांनी तो मुलगा मोठा साहेब होऊन येतो आणि त्यांच्या पाया पडतो. वाचकांना ते प्रकरण आवडले. सर्वज्ञ निवेदकाला काय कठीण? त्याने स्वतःच गुन्हा केला, स्वतःच न्यायासनावर बसला आणि स्वतःच सुटला.

आमच्या शाळेत इतिहास शिकवणाऱ्या एक बाई वसईकडच्या, ख्रिस्ती. त्यांना ह्यातले काही माहीत नव्हते. पुस्तक परत देताना त्या म्हणाल्या, "सर, छान लिहिलंय. पण गुरुजी देवाची माफी मागतात, त्या मुलाकडे कधी जातात?"

मी म्हटले, "देवानं माफ केलं, असं सुचवलंय ना."

"देव करील हो. पण आमच्याकडे सांगितलंय, वेदीवर नैवेद्य आणलास आणि आठवलं, की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर नैवेद्य तिथंच ठेव, आधी त्याच्याकडे जा. देवापुढे नंतर ये." मग थोडे थांबून, "तुमचा मुलगा पुस्तकात एकदाही बोलत नाही, सर."

माझ्या कोणत्याही पुस्तकावर इतकी नेमकी टीका दुसरी झालेली नाही.

त्यानंतर मी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुन्हा काढली. १९३४ पासून भागाभागाने निघालेले हे पुस्तक आपण सगळे विनोदासाठी वाचतो, आणि तो आहेच. वडिलांचे सोवळे मीठ-साखर धुऊन घेण्यापर्यंत गेलेले, टिळकांचा संताप आणि दुसऱ्याच क्षणी घरातले होते-नव्हते देऊन टाकणे, हे वाचताना हसू आवरत नाही. पण ह्या खेपेला मला निराळेच दिसले. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ह्या बाईंचे जग कोसळले. स्वतः त्यांनी तो घेतला १९०० साली. मधल्या पाच वर्षांत त्यांनी आपल्या मनाला विचारून विचारून पाऊल टाकले. नवरा गेला म्हणून मागोमाग गेल्या असे झाले नाही. हे सांगताना त्या टिळकांना झाकत नाहीत, स्वतःलाही झाकत नाहीत, आणि झाकले नाही म्हणून मिरवतही नाहीत. आत्मचरित्रात माणूस सहसा वकील होतो, नाहीतर आपल्याच नावाने छाती पिटतो. लक्ष्मीबाई दोन्ही करीत नाहीत. ज्याच्यापुढे बोलायचे त्याला आधीच सगळे माहीत आहे अशी एकदा खात्री पटली, की लपवण्याचे कष्ट वाचतात आणि सजवण्याचेही. 'स्मृतिचित्रां'ची भाषा इतकी मोकळी का, ह्याचे श्रेय टीकाकार त्यांच्या अशिक्षितपणाला देतात. मी ते त्यांच्या श्रद्धेला देईन. निवेदक म्हणून त्या सर्वज्ञ नाहीत. सर्वज्ञ असा दुसरा कोणी आहे, हे धरून त्या चालतात. म्हणून त्यांच्या पुस्तकात सासरा, नवरा, शेजारीण, ज्याला त्याला आपल्या तोंडाने बोलायला मिळते.

ह्या वर्षी सहामाही संपली त्या दिवशी मी कचेरीत जाऊन जुने जनरल रजिस्टर मागितले. कारकुनांनी विचारले, "कशाला हो सर?" मी म्हटले, "एक पत्ता पाहायचाय." अकरा वर्षांपूर्वीचे पान निघाले. मुलाचे नाव, जन्मतारीख, गाव, तालुका जव्हार. शेवटच्या रकान्यात शाळा सोडण्याचे कारण लिहिलेले होते : पालकांचे स्थलांतर. अक्षर माझेच होते. त्या वर्षी तो वर्ग माझ्याकडे होता.

मी गावाचे नाव कागदावर उतरून घेतले. बोईसरहून जव्हारची एसटी कितीला सुटते, ते कारकुनांनाच विचारले.